गिरणीची लाल जर्सी

जर्सी कितीही चोळली तरी बादलीतलं पाणी नितळच राहिलं. द्वारकाबाईंचे हात थांबले.

पूर्वी ही लाल जर्सी धुताना सोबतची धोतरंही गुलाबी व्हायची. “गिरणीच्या रंगखात्यात तुम्ही, आणि घरचाच रंग कच्चा?” त्या करवादायच्या. “अगं, आमचा खेळ बघून लाजतो तो!” नवरा हसायचा.

गिरणी बंद पडली, फुटबॉल क्लबही मोडला. तरी खेळाडू वारला की त्याला क्लबच्या जर्सीतच न्यायचं, ही रीत राहिली. आज संघातला शेवटचा खेळाडू, त्यांचा नवरा, ओसरीवर निजवला होता.

“काकू, ही तर पांढरीफटक पडलीय. कोरा सदरा आणू का?” शेजाऱ्याने विचारलं.

“पांढऱ्यात नाही जायचे ते.”

द्वारकाबाईंनी देवळीतला करंडा उचलला आणि सगळं कुंकू बादलीत ओतलं.