माडाचा खड्डा

दत्तानं फावडं उचललं तेव्हा त्याची आई सोनाबाई माडाचं रोप मांडीशी धरून ओट्यावर बसलीच होती. दीड महिना झाला, परसातल्या गोबर गॅसच्या टाकीवरची लोखंडी टोपी गॅसनं बोटभरही वर आली नव्हती. आज ती काढायची, खड्डा बुजवायचा आणि तिथं माड लावायचा, असं मायलेकांचं ठरलं होतं. म्हणजे ठरवलं सोनाबाईनं होतं. दत्ता नुसता हरला होता.

चुलीतली ओली लाकडं फुंकून फुंकून सून, मैना, डोळे पुसत बाहेर आली.

"अजून आठ दिस थांबलो असतो तर..."

"सगळा नागाव इचारतोय, दत्तानं विहिरीला टोपी का घातली," सोनाबाई म्हणाली.

दत्तानं टोपी कलती केली. सोनाबाईनं सवयीनं नाकाला पदर लावला आणि लगेच काढला. कुजल्याची घाण नव्हतीच. येत होता तो खारवणाच्या बरणीचा वास. तिचं माहेर मिठागरावरचं. हा वास तिला झोपेतही कळला असता.

"काय काय घातलंत ह्यात?"

"शेण, भाताचा पेंढा, भाजीची सालं," दत्तानं बोटं मोजली.

"आन खाऱ्या बांगड्यांचं पानी," मैना म्हणाली. "बादल्या भरभरून. घरातलं काय वाया घालवू नका, असं टाकी बसवनारे अलिबागचे सायब बोलले व्हते."

सोनाबाईनं ओठ घट्ट मिटले. गप्प बसली असती तर खड्डा तिचाच होता. पण एवढी मोठी चूक मिठागरावरच्या पोरीला गिळवेना. हसू आधी पोटात हललं, मग खांद्यांत, मग तोंडातून फुटलंच.

"अगो, मासळी सडू नये म्हनून मीठ लावतो आपन. तू शेणाला मीठ लावलंस! आता ते सडंल कसं, नि ग्यास दील कसा?"

मैनेचा चेहरा उतरला. "मंग आता?"

सोनाबाईनं सुनेच्या लाल डोळ्यांकडे एकदा पाहिलं.

"उपसा सगळं. टाकी धुवा. माझ्या म्हशीचं शेण घ्या, गोवऱ्या मागनं थापीन."

ती उठली. रोप काखेत मारून टाकीपासून पंधरा पावलं चालली, थांबली, मागं वळून बघितलं आणि आणखी पाच चालली. पुढं माडाची मुळं टाकीच्या भिंतीला लागायला नकोत.

"दत्ता, फावडं हिकडं आन. आन तू गो, ती खाऱ्या पान्याची बादली घेऊन ये. माडाला ते गोड लागतं."