चार मार्कांचं वलय

पाना सरांच्या उजव्या मनगटावर बसला तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. आवाज सरांचा झाला. प्रयोगशाळेच्या फळ्याखाली भिंतीला पाठ घासत ते खाली बसले आणि लोंबणारा हात त्यांनी दुसऱ्या हातानं छातीशी धरला, तान्ह्या लेकरासारखा.

चिमीच्या दादानं दाराला आतून कडी घातलीच होती. गॅरेजमधून तो तसाच आला होता. बाह्यांना ग्रीस, एका हातात पाना, दुसऱ्यात बहिणीची उत्तरपत्रिका. रागाला डोळे नसतात म्हणतात. याच्या रागाला अक्षरओळखही नव्हती.

"दोन मार्कांनी नापास," तो म्हणाला. "अख्खं पान भरलंय पोरीनं, आणि मास्तरांनी दिलाय चारातला एक. चिमे, लिही फळ्यावर. यांच्या डोळ्यांदेखत लिही. बरोबर निघालं की डाव्या हातानं मार्क वाढवतील. तो मी मुद्दाम ठेवलाय."

चिमीनं खडू घेतला. प्रश्न गोल तारेचा होता. तारेवर विद्युतप्रभार सगळीकडे सारखा पसरलाय. वर्तुळाच्या मध्यातून सरळ पुढं गेलं की आसावर एक बिंदू लागतो, तिथं विद्युतक्षेत्र, म्हणजे प्रभाराचा जोर, किती? तारेचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, एकेकाचा जोर काढायचा, मग सगळ्यांची बेरीज. तिनं पेपरातलं उत्तर जसंच्या तसं फळ्यावर उतरवलं.

शेवटचं अक्षर लिहिताना तिचा हात थांबला. बेरीज तिनं केली होती, पण कुठला जोर कोणत्या दिशेला, हे पाहिलंच नव्हतं.

"बरोबर आहे तिचं," खालून सर पुटपुटले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "देतो मी चार."

"बघ," दादा म्हणाला. "पाना लावला की गंजलेला नटही ऐकतो."

चिमीनं सरांकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली. आता गप्प राहिलं की झालं. वर्ष वाचत होतं, सरांचा दुसरा हातही वाचत होता. देवा, एवढं सोपं का करून ठेवलंस, असं तिच्या मनात आलं.

"सर खोटं बोलतायत, दादा. माझं चुकलंय."

"काय?"

ती सरांच्या पुढ्यात, दादाकडे तोंड करून उभी राहिली. "चाकाच्या समोरासमोरच्या दोन तारा सारख्याच कसल्यास, तर मधला हब कुठं सरकतो?"

"कुठं सरकेल? मधेच राहतो."

"का?"

"ही इकडं ओढते, ती तिकडं. फिट्टंफाट."

"तसंच इथं. आडवे जोर एकमेकांना मारून टाकतात. आसावर सरळ जाणारा तेवढाच उरतो. मी सगळेच धरले." तिनं वळून फळ्यावर खाली नवी ओळ लिहिली. "सरांनी एक दिला तोही जास्तच."

दादा फळ्याकडे बघत राहिला. आयुष्यभर चाकं कसणारा माणूस, त्याला कळलं. कळल्याचं आधी त्याच्या मानेवर दिसलं, मग त्यानं सरांच्या मनगटाकडे पाहिलं. ते सुजून निळं पडलं होतं.

मग त्यानं चिमीला मारलं. उलट्या हातानं, पूर्ण ताकदीनं. तिचं कपाळ फळ्यावर आपटलं आणि नाकातून रक्ताची धार लागली.

"तुझ्यापायी माणसाचा हात मोडला मी."

"हो," ती म्हणाली.

"पूस ते."

सर खालून म्हणाले, "पूस गं, पूस पोरी."

"पूस म्हणतो ना." पाना वर गेला होता.

चिमीनं डस्टर उचललं आणि वरचं आपलं पेपरातलं उत्तर पुसून टाकलं. खालची ओळ तशीच ठेवली. मग बाहीनं नाक टिपलं आणि पान्याकडे पाठ करून पुढची पायरी लिहायला घेतली.