बायकोने निवडलेला सायलेन्सर

आपल्या स्पोर्ट्स कारला सतरा इंची अलॉय व्हील्स घ्यावीत की अठरा, काळी की चंदेरी, यावरून त्याने गॅरेजवाल्याचं दोन तास डोकं खाल्लं, तरी काही ठरेना. बायको स्टुलावर बसून जांभया देत होती. सायलेन्सरचा विषय निघाला, तशी मात्र ती ताडकन उठली. गॅरेजवाल्याने मोबाइलवर तीन सायलेन्सरचे आवाज ऐकवले. तिसऱ्याला गॅरेजमधलं मांजर पळून गेलं.

"हाच बसवा," ती म्हणाली. "का याहून मोठा आहे?"

त्याला अगदी भरून आलं. सोळा वर्षं या गाडीला सवत म्हणणाऱ्या बाईला अखेर गाडी कळली होती!

मग महिनाभर तो रोज गल्ली दणाणून सोडत घरी येई. घरात टीव्ही बंद, मुलीचं डोकं पुस्तकात, मधुमेही वडील मुकाट्याने काकडी चघळताहेत. आपला धाक अजून शाबूत आहे, हे बघून तो सुखावे.

शेवटी चाकं एकदाची ठरली. ती बसवायला गाडी गॅरेजमध्ये ठेवून तो चालत घरी आला आणि दार उघडलं. टीव्ही बोंबलत होता, मुलगी सोफ्यावर नाचत होती, वडिलांच्या मांडीवर आइस्क्रीमचा अख्खा डबा होता आणि बायको त्यांना मोठा चमचा देत होती.

"आई!" मुलगी किंचाळली. "तू तर म्हणाली होतीस, बाबा चौकात आले की घरात कळेल!"