काळ्या जीपचं ॲव्हरेज

दातांच्या डॉक्टरांनी हौसेनं काळ्या जीपला चिखलात चालणारे जाडजूड टायर बसवले आणि जीप डिझेल ढोसायला लागली. बायको तर ती विकायलाच निघाली.

"साधे टायर घाला आणि चाळीसच्या वर जाऊ नका," मेकॅनिकनं बजावलं.

डॉक्टर टायर बदलून अरुंद रस्त्यानं सावकाश निघाले. मागे गाड्यांची लांबलचक रांग लागली, पण कुणी हॉर्न वाजवेना. उलट रस्त्याकडेची माणसं हात जोडून, मान खाली घालून उभी राहत होती.

डॉक्टर पंपावर थांबले, तशी अख्खी रांग थांबली. टाकी फुल होताच मागच्या गाडीतल्या आजोबांनी डोळे पुसत येऊन हळुवारपणे त्यांचा हात धरला. "कसं झालं हो हे?"


"टायर बदलले," डॉक्टर गहिवरून म्हणाले, "आणि ॲव्हरेज लिटरला आठवरून थेट चौदावर गेलं!"