मधल्या खांबापाशी

ओट्यावरून वाटी घरंगळली आणि फरशीवर गरगर फिरत राहिली. सुनेने चटकन पाय पुढे करून ती दाबली आणि श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळाने नुसते ओठ हलवले. पुन्हा झोपलं.

भर दुपारी या घरात वाटीचा आवाज एवढा मोठा ऐकू यावा, हेच नवल. एरवी खिडकीबाहेरच्या पुलावर सारखे हॉर्न वाजत आणि बाळ दचकून टाहो फोडी. ते जन्मल्यापासून सुनेच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुलाच्या मधल्या खांबापाशी आली की प्रत्येक गाडी एकदा हॉर्न वाजवायचीच. का, ते कुणालाच धड सांगता यायचं नाही. नवे ड्रायव्हर म्हणायचे, नाही वाजवला तर पुढे हमखास पंक्चर.

घरात मात्र माहीत होतं. त्या खांबाचा पाया खणायला सासरे खाली उतरले होते, आणि पाणी शिरलं तेव्हा वर आलेच नाहीत. पूल पुरा झाला, तेव्हा सिमेंटच्या ट्रकवरचा त्यांचा दोस्त त्याच जागी क्षणभर थांबला आणि त्याने हॉर्न वाजवला. त्याचं ऐकून मागच्याने, मागच्याचं ऐकून त्याच्या मागच्याने. ते आजतागायत.

आजतागायत म्हणजे कालपर्यंत. आज सकाळी गावाबाहेरचा नवा पूल सुरू झाला आणि जुन्याच्या तोंडाशी मातीने भरलेली पिंपं आडवी लागली.

सासूबाई खिडकीशी भाजी निवडत बसल्या होत्या. दर हॉर्नला त्या मान न उचलता "हं" म्हणायच्या, कुणी हाक मारावी आणि ओ द्यावी तसं. सून नवी नवरी होती तेव्हा तिला वाटायचं, आपल्यालाच काहीतरी सांगताहेत. दिवसभर "काय म्हणालात?" करत मागे फिरायची बिचारी. आज सासूबाईंची पानं आणि देठं एकाच परातीत पडत होती.

"झोपलं का गं?"

"झोपलं."

"बरं झालं. तूही पड जरा. डोळे बघ कसे झालेत."

पण ती पडली नाही. ज्या शांततेसाठी देव पाण्यात घालून बसली होती, ती आता घरात येऊन बसली होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तुझा नवरा बस घेऊन कुठून गेला आज?"

"नव्या पुलावरून. दुसरीकडून नेणार कुठून, आई?"

"ते कळतं मला. अजून खुळी नाही झाले. मधोमध आल्यावर वाजवला का त्याने, ते विचारतेय."

जेवायला आला तेव्हा तिनेही त्याला हेच विचारलं होतं. "तिथं कुणासाठी वाजवू?" एवढं म्हणून तो खाली मान घालून जेवला होता. दुसऱ्यांदा भात घेतला नव्हता.

"वाजवला," सून म्हणाली. "म्हणत होते, मागच्या दोन गाड्यांनीही वाजवला."

सासूबाईंचे हात थांबले.

"हं," त्या म्हणाल्या. मग परात पुढे ओढून त्यातली देठं एकेक करून बाजूला काढायला लागल्या.

दाराशी थोरली लेक बाहुलीचे केस विंचरत बसली होती. तिने मान वर केली.

"आई, पण आजोबा तर या पुलापाशी आहेत ना? त्यांना तिकडचं ऐकू येतं?"

सुनेने ओठांवर बोट ठेवलं आणि पाळण्याकडे दाखवलं. बाळ गाढ झोपलं होतं.