तळ्याकाठचे पाच मुक्काम

"अव्वा, तिकडं आगगाडीबी डोंगर चढती म्हणं. तू ये की. दावतो तुला."

लेकाचा, सोमलिंगचा, हा आवाज सहा वर्षांपूर्वीचा. सोलापूरच्या फलाटावर, हलत्या गाडीच्या खिडकीतून आलेला. सुताला रंग देण्याचं शास्त्र शिकायला तो स्वित्झर्लंडला निघाला होता. त्याचा चेहरा आठवायला हेमावतीला आता वेळ लागे. आवाज मात्र कानात होता तसाच होता.

आता ती खरंच जाणार होती. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या मुलखातल्या एका डोंगरावर, छातीच्या दवाखान्यात, सोमलिंग गेला. तिला त्याच्या समाधीशी जाऊन बसायचं होतं. दुसरं काही नको होतं. रडणं केव्हाच आटलं होतं. जात्यावर बसली तरी ओवी येत नसे. नुसतं पीठ पडे.

शिवरात्र होऊन गेली होती. दुपारची वेळ. कापडाचं दुकान नोकरावर सोपवून तिचा नवरा धोंडप्पा माजघरात बसला होता. मुंबईच्या प्रवास कंपनीचा कागद त्याच्या मांडीवर होता. उद्याच्या टपालानं पक्कं उत्तर धाडायचं होतं. तो वाचत होता आणि हेमावती सुपात चिंचोके मांडत होती. एका रात्रीला एक चिंचोका. तिला लिहिता येत नव्हतं, पण मांडता येत होतं.

"बोटीतनं जिनोव्हाला उतरायचं. तितनं मिलान, एक रात्र. मग बोगदा. नऊ मैलांचा."

"नऊ मैल अंधार?"

"व्हय. पल्याड लुसर्न. तळ्याच्या काठाला. तितं पाच रात्री. मग झुरिक, एक. मग दवाखान्याचं गाव. सकाळी वर जायाचं, सांजेला खाली."

शेजारची काशम्मा उंबऱ्याशी ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "सूप माझं, आन् त्यात तुमी सगळी विलायत मांडलीया. आता मी पाखडू कशात?"

धोंडप्पा ओठातल्या ओठात हसला. काशम्माला तेवढं पुरे झालं.

"हेमक्का, बर्फात नऊवारी नेसून चाललीस तर तितले साहेबलोक फोटू काढतील की गं!"

"काढू देत."

"आन् भाकरी? ज्वारी मिळती का तितं?"

"पीठ न्हेणार हाय."

काशम्मा एकटीच हसली. मग तिचंही हसू संपलं. ज्वारी पदरात घेऊन ती उठली आणि सूप न मागताच घरी गेली.

हेमावती सुपाकडे बघत राहिली. दिवाळीत पहिल्यांदा हा प्रवास मांडला तेव्हा डोंगरावर चार चिंचोके होते, तळ्याकाठी एक. दर महिन्याला एकेक चिंचोका डोंगरावरून खाली उतरला होता. कधी गाडीची वेळ जमत नव्हती, कधी वर थंडी फार होती, कधी उतरायला जागा नव्हती. आता तळ्याकाठी पाच होते. डोंगर रिकामा होता.

"तळं आपल्याला न्हाय का?" ती म्हणाली. "सिद्धरामाचं एवढं थोरलं तळं दारात सोडून परमुलखातलं तळं बघायला जायाचं?"

"लई देखणं हाय म्हणं."

"असंल."

तिनं एक चिंचोका उचलला आणि डोंगरावर ठेवला. धोंडप्पानं तो बोटानं हळूच परत तळ्याकाठी सरकवला. तिनं पुन्हा उचलला. या वेळी पाचही उचलले.

"मला त्याच्यापाशी बसायचंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तो बसलाय तशी. पाच दिवस. त्याच्या पुण्याच्या सोबत्याचं पत्र तुमी वाचून दावलं तवा म्हणाला व्हता, रीतीपरमानं माती दिली. तळहातावर लिंग ठिवून बसवलं न्हवं त्याला?"

त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आईच्या मांडीवर बसवावं तसं मातीत बसवतात, हातात त्याचं इष्टलिंग देऊन. दोन वर्षांत हा प्रश्न तिनं किती वेळा विचारला होता. दर वेळी धोंडप्पा "व्हय" म्हणाला होता.

आज त्यानं नुसती दौत पुढं ओढली.

"लिवा की. पाच दिवस डोंगरावर."

त्यानं टाक दौतीत बुडवला, कागदावर धरला. शाईचा एक थेंब टपकला आणि पसरत गेला. तिला वाचता येत नव्हतं. पाच दिवस लिहिले काय, न लिहिले काय, तिला आत्ता कळलं नसतं. कळलं असतं ते डोंगरावर. बर्फातून ती एकेका दगडापाशी वाकली असती, त्यावरची न कळणारी अक्षरं बोटानं चाचपली असती, मागे वळून त्याला विचारलं असतं, यातला कुठला?

धोंडप्पानं टाक खाली ठेवला.

"पत्र मी तुला खरं वाचून दावलं न्हाय, हेमा."

तिनं मान वर केली नाही.

"पुण्याचा तो त्याचा सोबती, लई भला पोरगा. तितले लोक मातीच द्याया निघाले व्हते. त्यांच्यातबी मातीच देत्यात. ह्यानंच हात जोडले. म्हणाला, हा हिंदू हाय, ह्याला अग्नीच पायजे. पदरमोड केली, अग्नीची सोय हुडकत तीन गावं हिंडला, आपल्या पोराला रीतीनं मार्गी लावावं म्हणून."

हेमावतीच्या मुठीत पाच चिंचोके तसेच होते.

"डोंगरावर कोण न्हाय, हेमा. त्याची राख त्यानं लुसर्नच्या तळ्यात सोडली."