वेस्टचा पंचनामा

"ॲप्रन काढा, टोकनही काढा, विठाबाई," मॅनेजर बबनराव म्हणाले. "आज तुम्ही पंच आहात."

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'तुम्ही' पहिल्यांदाच आलं. विठाबाई हरखली. पितळी टोकन पदरानं पुसून तिनं त्यांच्या हातावर ठेवलं.

"माघारी मिळंल न्हवं, साहेब?"

"माघारी कशाला? परमनंटचं नवं देऊ की."

भांडगावजवळच्या त्या धाग्याच्या कंपनीत विठाबाई वेस्ट निवडायची. मशिनीखाली पडलेला पॉलिस्टरचा गुंता पुढ्यात घ्यायचा, गाठी एकीकडं, लांब तंतू दुसरीकडं. डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायची, कुठला माल चांगला आन् कुठला टाकाऊ. नवरा म्हाळू गेल्यावर याच बोटांवर तिनं गौतमीला बारावीपर्यंत आणली. पण बाई अजून टेंपररीच. परमनंट व्हायचं, हा एकच घोर होता जिवाला. त्या कागदावर अंगठा उठवायचा नाही, सही करायची, म्हणून लेकीकडून नाव गिरवून गिरवून शिकली होती. नाव तेवढं यायचं, बाकी अक्षराशी वैर.

आता सरकारचं गणित असं, की वेस्टवर कर थोडा आणि चांगल्या धाग्यावर दाबून. कंपनी वेस्टच्या नावाखाली चांगला माल बाहेर काढते, असा वास एक्साईजवाल्यांना लागला होता. साहेब येऊन पोत्यांतला नमुना सील करणार होते, आणि त्याला दोन पंच लागतात. एक गेटसमोरचे चहावाले शंकरराव, दुसरी विठाबाई.

खरं सांगायचं तर तिच्या आळीतलं माणूस गावच्या पंचांत कवा बसलं होतं? पारावर फेटेवाले बसायचे, हिच्या बापानं लांब उभं राहून ऐकायचं. आणि आज म्हाळूची बायको पंच! काल निरोप आल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. बुद्धजयंतीला नेसायचं पांढरं पातळ तिनं ट्रंकेतून काढलं होतं.

तिला ऑफिसात खुर्चीवर बसवलं. कपबशीतून चहा आला.

"साहेबांनी विचारलं तर नाव आणि गाव सांगायचं," बबनराव हळूच म्हणाले. "बाकी मी बोलतो. आणि मालाला हात लावायचा नाही."

एक्साईजचे साहेब तरणे होते, घाईत होते. बबनरावांनी पुढं केलेल्या पोत्यातून त्यांनी मूठभर गाठी काढल्या. मागच्या चौदा पोत्यांत लांब, चकचकीत तंतू होता. विठाबाईला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? काल तिनंच ती भरली होती.

"सगळी पोती सारखीच ना?" साहेबांनी विचारलं आणि पंचांकडं बघितलं.

शंकरराव छताकडं बघू लागले. विठाबाईची बोटं पदरात वळवळली.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "समदा कचराच."

"तुम्हाला काय कळतंय म्हणा यातलं!" साहेब हसले.

अस्सा राग आला तिला! पण गिळला. परमनंट व्हायचं म्हटल्यावर एवढं गिळायलाच हवं.

लाख वितळली, पाकिटांवर शिक्के बसले. साहेबांनी भराभर दोन पानं लिहिली. "वाचून दाखवू?"

"राहू द्या, मी समजावलंय त्यांना," बबनराव म्हणाले. "तुम्हाला पुण्याला पोचायचंय."

विठाबाईनं दातांत जीभ धरून सही केली. ठसठशीत, एकही अक्षर न हुकवता.

"वा, बाई! सही येते की."

त्या दिवशी ती पाटसच्या बाजारातून लेकीसाठी पावशेर जिलबी घेऊन घरी गेली.

निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. माल वेस्टच ठरला, कर वाचला, सगळ्यांना पेढे मिळाले. परमनंटचं पत्र मात्र आलं नाही. दिवाळी झाली आणि वेस्ट निवडणाऱ्या नऊ बायकांना गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. हजेरीची वही कुणालाच सापडेना. बाकीच्या आठजणी भिऊन घरी बसल्या. विठाबाई पुण्याच्या कामगार कोर्टात गेली.

"मला कसलं भ्याव?" ती गौतमीला म्हणाली. "मी सरकारी पंच हाय. माझा सबूत कोण खोटा पाडंल?"

कोर्टात तिनं अकरा वर्षांचं सगळं सांगितलं. पाळ्या, ओव्हरटाइम, मशिनीत गेलेलं नख. जज्ज मन लावून ऐकत होते. कंपनीच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला.

"विठाबाई, तुम्हाला सही येते?"

"येती की!"

तिनं कोऱ्या कागदावर करून दाखवली. वकिलानं शेजारी एक जुना कागद ठेवला. जज्जांनी दोन्ही सह्या नीट पाहिल्या.

"ही पण तुमचीच?"

"व्हय साहेब, माझीच!" विठाबाई ताठ झाली. "सरकारी कागद हाय त्यो. पंच व्हते मी."

"वाचा," जज्ज म्हणाले.

वकिलानं चष्मा लावला. "'मी, विठाबाई म्हाळू रणपिसे, राहणार भांडगाव, धंदा शेतमजुरी. रस्त्याने जात असता पंच म्हणून बोलावल्यावरून आज प्रथमच या कारखान्यात आले. या कारखान्याशी माझा पूर्वी कधीही कसलाही संबंध नव्हता व आजही नाही.'"